कारणाचा रकाना

१० जून

प्रिय आत्या,

रुजू झाले. पगारपत्रकावर मी गुणवत्ता विभागाची प्रमुख आहे, पण कारखान्यात मी फक्त 'तिची भाची' आहे. फाटकावरच्या रखवालदारानं माझं ओळखपत्र हातातही घेतलं नाही. "राहू द्या, नाक तेच आहे," म्हणाला. म्हणजे मी चार वर्षं घासून मिळवलेली पदवी एकीकडे आणि तुझं नाक एकीकडे.

तू एकोणतीस वर्षं तपासलेस तेच पट्टे अजून बनतात. रंगारी, काचा पुसणारे, खांबावर चढणारे, उंचावर काम करणाऱ्या सगळ्यांच्या कमरेचे. शिवणाच्या यंत्रांचा आवाज तर असा की घरी गेल्यावरही कानात चालू राहतो. तुझे कान कशानं गेले ते तासाभरात समजलं. आता तुझ्याशी फोनवर बोलता येत नाही म्हणून कुरकुर करणार नाही. पत्रं लिहीन.

एका गोष्टीचा मात्र उलगडा होत नाही. तपासणीच्या टेबलामागे भिंतीत एक लाकडी खुंटी आहे. तिला सगळे बिनबोलाची खुंटी म्हणतात. कुणालाही एखाद्या पट्ट्याची शंका आली की तो त्या खुंटीला अडकवायचा. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. शनिवारी ते सगळे पट्टे कात्रीनं कापायचे. आठवड्याला साधारण एकोणीस पट्टे जातात. त्यात खरोखर वाईट किती होते आणि का, हे एकाही माणसाला सांगता येत नाही. मी अभ्यासक्रमात पहिल्याच दिवशी शिकले की निर्णय पुराव्यावर घ्यायचा. इथे पुरावाच कापून टाकतात.

सप्टेंबरात मोठ्या गिऱ्हाइकाचे तपासनीस येणार आहेत. ते पहिल्यांदा त्या खुंटीकडेच बोट दाखवतील. ही अक्कल कुणाची होती, तुला माहीत असेलच. ती काढली तर कुणी रागावेल का?

तुझी,
घाईबाई


२४ जून

घाईबाई,

सातव्या महिन्यातच जगात आलीस, तेव्हा मीच तुझं हे नाव ठेवलं होतं. तू ते अजून खोटं पाडलेलं नाहीस.

नोकरी लागली याचा फार आनंद झाला. मी चार जिने उतरून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला सांगून आले, आणि परत चढताना गुडघ्यांनी त्याची वसुली केली. सून म्हणाली, "खिडकीतून ओरडायचं होतं." मला कसं कळणार मी किती मोठ्यानं ओरडते ते.

खुंटी माझी. माझ्याच हातानं ठोकलेली आहे. का, ते सांगेन कधीतरी, लांबलचक गोष्ट आहे. तोवर तिला हात लावू नकोस.

तपासणीच्या टेबलावर अबोली बसत असेल, जाड चष्म्याची. तिला मी शिकवलं असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे तिला कुणी काही शिकवलं नाही. ती डोळ्यांनी बघतच नाही, पट्टा बोटांतून सोडते आणि तिला कळतं. फक्त बोलता येत नाही. म्हणजे मुकी नव्हे, पण चार माणसांत काही विचारलं की तिच्या घशाला कुलूप लागतं. तिला विचारायचं असेल तर एकटीला गाठ आणि भरपूर वेळ घेऊन बस. घाई करू नकोस, हे तुला सांगणं म्हणजे कठीणच आहे.

आत्या


१२ जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी खुंटी निघाली होती. सुताराला बोलावून भोक बुजवून घेतलं, वर रंगही दिला. रागावू नकोस. त्या जागी मी काही तरी चांगलंच ठेवलं आहे.

आता प्रत्येक नाकारलेल्या पट्ट्यासोबत एक कागद जातो. त्यावर कारणाचे सहा चौकोन आहेत: टाका सुटला, टाका वाकडा, पट्टी विरली, कडी गंजली, माप चुकलं, डाग. एकावर खूण करायची की झालं. दोन आठवड्यांत कुठल्या यंत्रावर काय चुकतं ते मला आरशासारखं दिसू लागलं. तिसऱ्या यंत्राची सुई वाकडी होती आणि वर्षभर कुणाला पत्ता नव्हता. ती बदलली. नाकारले जाणारे पट्टे एकोणीसवरून सातवर आले. धाकटे मालक स्वतः विभागात येऊन शाबासकी देऊन गेले.

तुझ्या अबोलीचा मात्र प्रश्न आहे. तिच्या कागदांवर एकही खूण नसते. पट्टा नाकारते आणि सहाही चौकोन कोरे. सोमवारच्या बैठकीत तिला विचारावं लागलं, कारण नियम सगळ्यांना सारखा हवा. ती उभी राहिली, बराच वेळ तशीच राहिली, आणि म्हणाली, "धागा कोरडा लागतो." त्यावर कुणीतरी म्हणालं, "धागा ओला कधी असतो?" आणि सगळे हसले. वाईट हेतूनं कुणी हसलं नाही. तीही थोडी हसली असं मला वाटलं. मग खाली बसली.

तिला मी नंतर एकटीला भेटणार होते, पण तो दिवस कसा गेला ते कळलंच नाही.

तुझी,
घाईबाई


२ ऑगस्ट

घाईबाई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला राग आला. म्हणून दोन आठवडे लिहिलं नाही.

लांबलचक गोष्ट आता सांगते. मी तपासणीला लागून सहा वर्षं झाली होती. सगळे मला वचकून असत आणि मला ते आवडायचं. सात नंबरच्या यंत्रावर एक मुलगी शिवायची, विशीतली. एके दिवशी ती शिवता शिवता थांबली. पुन्हा शिवायला लागली, पुन्हा थांबली. मी सगळ्या यंत्रांच्या मधोमध उभी राहून विचारलं, काय झालं? ती काही बोलेना. मी म्हटलं, कारण सांग नाहीतर काम कर. सगळ्यांनी यंत्रं थांबवून ऐकलं. ती खाली मान घालून शिवायला लागली. ते पट्टे मी तपासले, मला काही दिसलं नाही, मी शिक्का मारला.

दोन महिन्यांनी त्यातलाच एक पट्टा तुटून एक रंगारी तिसऱ्या मजल्यावरून पडला. जगला, पण कमरेखालचं शरीर गेलं. मी त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं मला चहा दिला आणि बिस्किटं संपली म्हणून वाईट वाटून घेतलं.

परत आले आणि खुंटी ठोकली. तेव्हाच्या मालकांना सांगितलं, आजपासून इथे कुणाला कारण विचारायचं नाही.

तू 'कुणीतरी म्हणालं' असं लिहिलं आहेस. कोण ते तुला माहीत असेल. त्याला सांग, त्यानं तिची माफी मागावी. आणि तो धागा बघून घे. ती बोलली आहे, आत्तापर्यंत कधी नाही ते बोलली आहे.

आत्या


३० ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझी गोष्ट वाचून वाईट वाटलं. पण त्या काळी खेचून बघायचं यंत्र तरी होतं का? आता प्रत्येक खेपेतले पाच पट्टे त्या यंत्रावर ताणून बघतो. तू म्हणालीस म्हणून धाग्याच्या त्या खेपेची नोंद काढली. पाचही पट्टे पास होते. त्यापेक्षा जास्त मी काय करू? एका माणसाच्या बोटांवर कारखाना चालवता येत नाही, आत्या. उद्या ती आजारी पडली तर?

आणि एक आनंदाची बातमी. अबोलीमावशी आता अगदी रुळली. या महिन्यात तिनं एकही पट्टा नाकारला नाही. शून्य. सगळ्या तपासणाऱ्यांत पहिली. मी तिचं नाव प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावर लावलं, छोटासा समारंभ केला. टाळ्या वाजल्या तेव्हा ती चष्मा पुसत होती. मला वाटतं तिला भरून आलं असावं.

तू उगाच काळजी करतेस. तब्येतीला जप.

तुझी,
घाईबाई


७ सप्टेंबर

घाईबाई,

पट्टे सुधारले म्हणून तिचा आकडा शून्य झालेला नाही. तिनं तपासणं सोडलं आहे. ती नुसती शिक्के मारते आहे.

जुलैपासून तिच्या हाताखालून गेलेले सगळे पट्टे परत मागव. पाच नव्हे, सगळे ताणून बघ. पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून मुलाला तुझ्या कचेरीत फोन करायला लावते आहे. मी तिलाही तीन पत्रं टाकली, उत्तर नाही.

आत्या


२१ नोव्हेंबर

आत्या,

अडीच महिने तुला लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय होतं ते तुला बाबांकडून कळलंच असेल. तरी मीच सांगायला हवं.

तुझ्या मुलाचा निरोप मला सप्टेंबरच्या दहा तारखेलाच मिळाला होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'आत्या म्हणते पट्टे परत मागवा.' मी ती खणात ठेवली. गिऱ्हाइकाचे तपासनीस यायचे होते, म्हटलं ते गेले की बघू. ते सोळाला गेले. पंधराला एक काचा पुसणारा नवव्या मजल्यावरून पडला. बेचाळीस वर्षांचा होता, दोन मुली आहेत. तो गेला. पट्टा टाक्यापाशी उसवला होता. लेबलावर तपासणाऱ्याचा शिक्का असतो, तुला माहीतच आहे. शिक्का अबोलीमावशीचा होता.

त्याच दिवशी मी सगळे पट्टे परत मागवले. धाकटे मालक म्हणाले, आधी चौकशी होऊ द्या, एवढी घाई कशाला. मी म्हटलं, जन्मात एकदाच वेळेवर घाई केली असती तर बरं झालं असतं. सही करून पत्रं पाठवून दिली. अठराशे चाळीस पट्टे होते. परत आले त्यातला एकूण एक आम्ही ताणून बघितला, सहा आठवडे लागले. एकतीस पट्टे निम्म्या वजनालाच तुटले.

कारण सापडलं. धाग्याची ती रिळं पुरवठादाराकडे खिडकीशी पडून होती. ऊन लागून वरचा थर कमजोर झाला होता, आतला चांगला होता. म्हणून हजारात मोजकेच पट्टे वाईट निघाले आणि आमच्या पाचांत एकही आला नाही. त्या वरच्या थराचा धागा मी बोटांत धरून बघितला. कोरडा लागतो, आत्या. दुसरा शब्दच नाही.

आणि 'धागा ओला कधी असतो' असं म्हणणारी मी होते. तुला ते ओळखू आलं होतं, मलाही तुझ्या पत्रावरून कळलं होतं की तुला ओळखू आलं आहे, तरी मी गप्प बसले. बैठक लांबली होती, सगळे कंटाळले होते, म्हटलं जरा हशा होऊ दे. प्रमुखानं विनोद केला की सगळ्यांना हसावंच लागतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. लोकांना सामील करून घ्या, त्यांचं ऐका, हे मी परीक्षेत चार पानं लिहिलं होतं. वर्गात पहिली आले होते.

अबोलीमावशी ऑक्टोबरात काम सोडून गेली. चौकशीत तिला विचारलं, पट्टा का जाऊ दिला? ती म्हणाली, "चुकलं." मी चौकशीच्या अहवालात लिहिलं आहे की दोष माझा आहे. ते वाचून कुणालाच काही वाटलं नाही. राजीनामा लिहून ठेवला आहे. काय करू सांग.

तुझी भाची


३ डिसेंबर

बाळ,

रडून झालं असेल तर वाच. नसेल तर आधी रड, मग वाच. मीही तेच केलं.

राजीनामा फाडून टाक. तू गेलीस तर पुढचा येईल आणि त्याला हे काही माहीत नसेल.

तुला एक गोष्ट मी अर्धीच सांगितली होती. सात नंबरच्या यंत्रावरची ती मुलगी म्हणजे अबोलीच, तपासणीच्या टेबलावर ती नंतर आली. तिला पहिल्यांदा मी गप्प केलं, दुसऱ्यांदा तू. आपल्या घरानं त्या एका बाईला दोनदा बुडवलं.

हे मी लपवलं, कारण ते सांगितलं असतं तर त्याच्या पुढचंही सांगावं लागलं असतं. रंगारी पडल्यावर मी तिची माफी मागितली नाही. जमलं नाही. माझ्या हाताखालच्या पोरीसमोर 'चुकले' म्हणायचं माझ्या जिवावर आलं. त्याऐवजी खुंटी ठोकली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, किती समजूतदार बाई म्हणून. तिला वाटलं असेल की ही माफीच आहे. नव्हती. तिच्याशी बोलायला लागू नये म्हणून मी केलेली ती सोय होती. तेवीस वर्षं ती पट्टे अडकवत राहिली आणि मी शनिवारी कापत राहिले. तिच्या बोटांना काय कळतं ते मी एकदाही तिच्याजवळ बसून विचारलं नाही. विचारलं असतं तर 'धागा कोरडा लागतो' हे तुझ्या कागदावर सातवं कारण म्हणून आधीपासून छापलेलं असतं. खुंटी वाईट आहे असं तू पहिल्या पत्रात म्हणालीस ते खरं होतं. तू ती काढलीस ती मात्र माझ्याच पद्धतीनं, तिला काही न विचारता.

आता ती परत ठोकू नकोस. सगळ्यांना जमव आणि तो विनोद तुझा होता हे सगळ्यांसमोर सांग. आपण दोघींनी तिला चारचौघांत विचारलं होतं, तेव्हा कबूलही चारचौघांतच करायला हवं. मग तिच्या घरी जा. माझंही सांग. मी उन्हाळ्यात येईन, मुलगा घेऊन येतो म्हणाला आहे, पण तोवर थांबू नकोस. मी थांबले, त्याचं काय झालं ते बघतेसच.

आत्या


११ जानेवारी

आत्या,

तू सांगितलंस तसं केलं. सोमवारी यंत्रं बंद ठेवली आणि तपासणीच्या लांब टेबलाशी सगळ्यांना बोलावलं. म्हटलं, तो विनोद मी केला होता. ती बरोबर होती आणि मी तिला हसले. मग तिसऱ्या यंत्रावरची बाई म्हणाली, "आम्हीपण हसलो होतो की." आणि रडायला लागली. त्यानंतर अर्धा तास लोक बोलत होते. कुणाला कडीचा आवाज वेगळा येतो, कुणाला पट्टीचा वास. मी सगळं लिहून घेतलं. तीन पानं झाली. हे सगळं ऐकायला तिथे अबोलीमावशी नव्हती.

रविवारी तिच्या घरी गेले. दोन खोल्या आहेत, स्वच्छ. सुनेनं दार उघडलं. अबोलीमावशी मला बघून उठून उभी राहिली, अगदी त्या बैठकीत राहिली होती तशी. मी बसा म्हटल्यावर बसली. मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. माझी चूक सांगितली, तुझी सांगितली, सात नंबरच्या यंत्रापाशी घडलेलीसुद्धा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मी या वेळी घाई केली नाही, बसून राहिले.

शेवटी ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं? तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही हसलात, मग मला वाटलं आपल्या हातालाच काहीतरी झालं असेल. वय झालं. म्हणून सोडून दिलं. तो पट्टा मला अजून आठवतो. हातात आला तेव्हाच कळलं होतं. मी पुढे सरकवला."

मी म्हटलं, तुमचा हात बरोबर होता. ताणून बघितले तेव्हा एकतीस पट्टे तुटले, तुमचा हात बरोबर होता. तिनं मान हलवली. मान्य म्हणून हलवली की माझं समाधान व्हावं म्हणून, ते मला समजलं नाही. परत या म्हटलं, टेबल तुमचंच आहे, तुम्ही आम्हाला शिकवा. "बघू," म्हणाली.

निघताना मी चपला घालत होते. ती गॅलरीतल्या दोरीवरून कपडे काढून आत आली. एक टॉवेल दोन्ही हातांत धरून तिनं सुनेपुढे केला आणि विचारलं, "बघ गं, वाळलाय का?" सून म्हणाली, "हो आई, वाळलाय." मग तिनं तो घडी करून ठेवला आणि दुसरा पुढे केला. सून मला सोडायला दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, ऑक्टोबरपासून असंच आहे, प्रत्येक गोष्ट विचारतात.

टॉवेल कडकडीत वाळलेला होता, आत्या. मला दारातून दिसत होतं.

तुझी भाची